सुमनची चुकलेली तारीख

चहा घ्या, गार होईल. मी बोलत राहते, तुम्ही पीत राहा.

आता घोळ तर मी आयुष्यात पुष्कळ घातले. पण एकच घोळ असा, की त्यात मी नऊ दिवसांत एका नर्सबाईला, एका जिवाभावाच्या मैत्रिणीला आणि माझ्या सख्ख्या मायला घाम फोडला. आणि हे सगळं लोकांचं भलं करायच्या नादात. इतकी वर्षं झाली, आता लाजून काय करू? सांगूनच टाकते.

मी तेव्हा अठरा वर्षांची. मानवतच्या कॉलेजात बारावी सायन्सला. गाव मानवतपासून दोन कोस. एस.टी. दिवसातून दोनदा यायची, आणि त्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावरून पुन्हा बंद सुरू झाले होते, त्यामुळं कधी कधी तीही यायची नाही. गावातली मोठी माणसं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलत होती.

त्या पावसाळ्यात परभणीला तीन दिवसांचं एक शिबिर झालं. तालुक्यातून आम्ही पंधरा-वीस मुली गेलो होतो. तिथल्या डॉक्टरबाई फार गोड. त्यांचं म्हणणं असं, की वयात येणाऱ्या मुलींना आयांनी सांगावं तर आया लाजतात, मास्तरणींनी सांगावं तर त्या पान उलटून पुढं जातात. मग मुलींनीच मुलींना का सांगू नये? पाळी का येते, कपडा धुऊन उन्हात का वाळवायचा, अंगात रक्त कमी का होतं, कोवळ्या वयात बाळंतपण आलं तर काय होतं. सगळं आम्हाला नीट शिकवलं, चित्रांचे तक्ते दिले, आणि गावी पाठवलं.

मी गावात उतरले ती अशी मान ताठ करून, की जणू मीच डॉक्टर झालेय.

दर रविवारी दुपारी बालवाडीच्या खोलीत आमचा वर्ग भरायचा. बारा-चौदा पोरी. गावात सगळीकडं तणातणी, पण दोन्हीकडच्या पोरी एकाच सतरंजीवर बसायच्या, हे मात्र खरं. पहिल्या रविवारी कुणी तोंड उघडेना. दुसऱ्या रविवारी मी बिस्किटांच्या रिकाम्या डब्याला वरून चीर पाडली आणि सांगितलं, "ज्या गोष्टी घरी विचारता येत नाहीत, त्या चिठ्ठीवर लिहा आणि यात टाका. नाव नको. कसलाही प्रश्न चालेल."

'कसलाही' हा शब्द मी स्वतःच्या तोंडानं म्हणाले. लक्षात ठेवा.

मग काय, चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. तोंडावर पुटकुळ्या कामून येतात? कावळा शिवल्यावर लोणच्याला हात लावला तर ते खरंच नासतं का? माझी उंची वाढायची हाय का थांबली? एकीनं विचारलं होतं, मला उगीच रडू येतं, मी येडी व्हायले का? मी एकेक वाचायची, उत्तर द्यायची, आणि पोरी हळूहळू खाली घातलेल्या माना वर करायच्या. लोणच्याचं तर आम्ही करूनच पाहिलं. एका पोरीनं त्या दिवसांत घरच्या बरणीतलं लोणचं स्वतःच्या हातानं काढलं आणि महिनाभर रोज वास घेतला. नासलं नाही. संपलं.

डॉक्टरबाईंनी या चिठ्ठ्यांबद्दल तीन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. चिठ्ठी कुणाची ते शोधायचं नाही. कळलीच तर चारचौघांत विषय काढायचा नाही. आणि वाचून झाली की फाडून टाकायची. मी या तिन्ही गोष्टी मोडल्या. कशा, ते ऐका.

भाद्रपद सरत आला होता. एका रविवारी पोरी गेल्यावर मी डबा उघडला. तळाशी एक घडी घातलेली चिठ्ठी.

'माझी तारीख चुकली. घरी अजून कुणाला सांगितलं नाही. कळलं की लगेच लग्न लावून देतील. काय करू?'

तुम्हीच सांगा, मी काय समजायचं होतं?

मी उठून दाराला आतून कडी घातली. वर आणखी असं, की अक्षर ओळखीचं. वरची रेघ न ओढता लिहिणारी गावात एकच मुलगी होती, सुमन. रेघ ओढण्यात वेळ जातो म्हणायची. सुमन माझ्याहून एक वर्षानं लहान. तिचे मायबाप दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्यावर जायचे. ती सोनपेठला मामाकडं राहून नववीपर्यंत शिकली, मग शाळा सुटली. हुशार पोरगी. वर्गात सगळ्यात पुढं बसायची आणि मी चुकले की हळूच दुरुस्त करायची.

मी चिठ्ठी फाडली नाही. इतकी महत्त्वाची चिठ्ठी फाडायची कशी? कंपासपेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सुमन ओढ्यावर धुणं धुताना सापडली. शेजारीच सावित्राकाकू गोधडी आपटत होत्या, आणि त्यांचे कान पार परभणीपर्यंत जायचे. त्यामुळं आमचं सगळं बोलणं अर्ध्या शब्दांत.

"सुमे," मी तिच्याजवळ बसून हळूच म्हणाले, "मला कळलंय. तुझ्या तारखेचं."

तिचा चेहरा उतरला. "माझंच हाय, हे कसं वळखलंस?"

"अक्षरावरून. ते जाऊ दे. किती दिवस झाले?"

"आज अकरा."

"याच्याआधी कधी असं झालं होतं?"

"मागल्या साली बी चुकली की."

माझ्या हातातला साबण ओढ्यात गेला. "मागच्या वर्षीसुद्धा? मग काय केलंस गं?"

"काय करनार? दोन दिस रडले, अन् मायबापासंगं कारखान्यावर गेले. तितं कामात इसरून गेले."

इसरून गेले. एवढं सगळं होऊन ही पोरगी विसरून गेली.

"आणि यंदा कसं झालं हे?"

"सोनपेठला गेलते मामाकडं. नेमका बंद झाला. यष्टी न्हाई, काई न्हाई. तीन दिस तितंच अडकले. आले तवर समदं होऊन गेलतं."

तिच्या मामाला एक मुलगा होता, नुकत्याच मिशा फुटलेला. मी त्याला एकदा जत्रेत पाहिला होता. तो माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला आणि मी मनातल्या मनात त्याला अशा शिव्या दिल्या, की काय सांगू. त्या बिचाऱ्यानं माझं काय वाकडं केलं होतं?

"अजून कुणाला माहीत आहे?"

"हेडसरांना."

आमचे हेडसर म्हणजे गळ्यात माळ, डोक्यावर टोपी, सेवानिवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. नववीत शरीराचा धडा आला की 'हा घरी वाचा' म्हणून पुढच्या धड्यावर जाणारे. त्यांना सांगितलं हिनं?

"त्यांना कशाला सांगितलंस?"

"त्यांची सही लागती. सहीबिगर औरंगाबादवाले हात लावीत न्हाईत."

औरंगाबादला मोठा सरकारी दवाखाना होता, हे मला माहीत होतं. म्हणजे गोष्ट तिथपर्यंत गेली होती.

"आणि उशीर झाला तर?"

"मंग पुढल्या साली."

मी ओढणीआड बोटांवर महिने मोजले. खरंच पुढच्या सालीच येत होतं.

"आण्णाला कळलं की झालंच माझं," सुमन म्हणाली. आण्णा म्हणजे तिचा बाप. "त्यांनी येक जागा बगून ठिवलीच हाय." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात सावित्राकाकूंनी गोधडी आपटायची थांबवली, म्हणून आम्हीही थांबलो.

आता मला सांगा, या बोलण्यात कुठं एक तरी शब्द चुकीचा होता? एकही नाही. मी सगळं विचारलं, तिनं सगळं सांगितलं. फक्त कसली तारीख, एवढंच मी विचारलं नाही.

मी तडक उपकेंद्रात मोरे सिस्टरांकडं गेले. या सिस्टर साताऱ्याकडच्या, आमच्या गावात चार वर्षांपासून. कडक बाई, पण माया फार. त्यांनी दार लावून घेतलं आणि सगळं ऐकलं.

"तू तिला नीट विचारलंस ना?"

"सगळं विचारलं, सिस्टर."

"बरं. मंगळवारी डॉक्टर येणार आहेत. आज सोमवार, उद्याच्या नाही, पुढच्या मंगळवारी. तेव्हा घेऊन ये. तोवर कुणाजवळ अक्षर काढायचं नाही. तिला जड उचलू देऊ नको, पोटभर खाऊ घाल." आणि रक्तवाढीच्या लाल गोळ्यांचं एक पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं. "सध्या एवढं चालू कर."

झालं. मला कामच मिळालं.

सुमन हापश्यावरून घागर घेऊन निघाली की मी वाटेत तिला गाठायची आणि घागर स्वतःच्या डोक्यावर घ्यायची. पहिल्या दिवशी ती खूश झाली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "शोभे, तू कामून माज्यामागं घागरी वाहायलीस? लोकं हसायलेत."

"तू जपायला पाहिजे आता."

"कशाला? मला काय झालंय?"

काय धीराची पोरगी, असं मला वाटलं.

मग खाण्याचं. आमच्या घरी माझी वहिनी बाळंत झाली होती, तिच्यासाठी मायनं डिंकाचे लाडू केले होते. मी रोज त्यातले दोन ओढणीत बांधून सुमनला द्यायची.

"हे काय?"

"खा. ताकद येते."

"डोस्क्याला बी चांगले असतेत का?"

"सगळ्याला चांगले असतात."

"मंग आन उद्या बी." आणि मजेत खायची. लाल गोळीही घ्यायची. तिला वाटलं, मी तिला दुःखातून बाहेर काढायलेय. आणि मी तरी दुसरं काय करत होते?

पण घरात माझ्या मायचं लक्ष होतं. माय चौथी शिकलेली. लाडू मोजून ठेवलेले नव्हते, पण डबा किती हलका होतोय ते तिच्या हाताला कळायचं. वहिनी एवढे खात नाही, हे तिला माहीत होतं. तिनं मला एकदा डब्यात हात घालताना पाहिलं आणि काही बोलली नाही. मग शुक्रवारी माझं दप्तर आवरताना कंपासपेटी उघडली. वर लाल गोळ्यांचं पाकीट. आणि खाली ती चिठ्ठी.

'माझी तारीख चुकली. घरी अजून कुणाला सांगितलं नाही.'

खाली नाव नाही. पेटी माझी. लाडू मी खाल्लेले. मायनं काय समजावं?

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं, की शुक्रवारपासून माय एकदम बदलली. मला भाकरी थापू देईना. चुलीजवळ बसू नको, धूर लागतो म्हणाली. विहिरीवर जाऊ देईना. ताटात दुधाची वाटी यायला लागली. एकदा तर माझ्या डोक्यावरून हात फिरवून नुसती बसून राहिली. मी मनात म्हटलं, पाहिलंस शोभे? लेक समाजसेवा करते, त्याची आईला किंमत कळली.

शनिवारी माय गुपचूप सिस्टरांकडं जाऊन आली. हे मला नंतर सिस्टरांनीच सांगितलं. माय दारात उभी राहून म्हणाली, "बाई, पोरीचं कळलं मला."

सिस्टरांना वाटलं, सुमनचं. त्या म्हणाल्या, "कळलं का? एका अर्थी बरंच झालं. घाबरू नका, लवकर लक्षात आलंय. मंगळवारी डॉक्टर येतात, तेव्हा या."

माय तिथंच पायरीवर बसली म्हणे. सिस्टरांनी तिला पाणी दिलं आणि मनात म्हणाल्या, शेजारच्या पोरीसाठी एवढा जीव तोडणारी बाई विरळाच.

आता आला मंगळवार.

मी सुमनला घेऊन उपकेंद्रात गेले. "हितं कामून?" ती म्हणाली. "तब्येतीचा दाखला बी लागतो व्हय?"

"लागतो," मी म्हणाले. म्हटलं, आत्ताच कशाला घाबरवा.

डॉक्टर काही आले नव्हते, एस.टी.ची वाट बघत कुठंतरी बसले असतील. सिस्टरांनी सुमनला बाकावर बसवलं, तिच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, रक्त बरं आहे म्हणाल्या. लाडवांचं ते. तेवढ्यात दारात माय.

ती सरळ आत आली, सुमनकडं बघितलंसुद्धा नाही, आणि माझा हात धरून माझ्याशेजारी बसली. "मी हाय," म्हणाली.

मला भरून आलं. सिस्टरांनी हिलाही सांगितलं, आणि ही सुमनला आधार द्यायला आली. मी म्हणाले, "माय, तू काळजी करू नको. सगळं नीट होईल."

"व्हईलच. मी काई बोलनार न्हाई तुला." मग खालच्या आवाजात, "फकस्त कोन हाय तेवढं सांग."

मी तिच्या कानात म्हणाले, "सोनपेठचा असावा."

मायनं माझा हात सोडला. "असावा?"

"म्हणजे मी नक्की विचारलं नाही."

"तुलाच म्हाईत न्हाई?"

"मला कसं माहीत असणार?"

मायनं कपाळाला हात लावला आणि डोळे मिटून घेतले. तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती का माझ्या नावानं काही बोलत होती, ते अजून मला कळलेलं नाही.

आणि बाहेर सायकलची घंटी वाजली. हेडसर. घामानं निथळत, हातात एक कागद. वाटेत कुणीतरी सांगितलं होतं, सुमन सिस्टरांकडं गेलीय.

"सुमन आहे का? अगं, तुझ्या घरी जाऊन आलो. आनंदाची बातमी आहे. तारीख वाढली."

मायनं डोळे उघडले.

"कुणाची?" मायनं विचारलं.

"सुमनची. म्हणजे एकट्या सुमनची नाही, सगळ्यांचीच. बंदमुळं जिल्ह्यातल्या कितीतरी मुलींची चुकली होती. मुलांचीसुद्धा."

मोरे सिस्टरांच्या हातातली वाटी ट्रेवर पडली. "मुलांचीसुद्धा?"

"मुलांचीच जास्त. दरवर्षी त्यांचीच जास्त असते." सर रुमालानं मान पुसत होते. "आता औरंगाबादहून पत्र आलंय, आजपासून पंधरा दिवस वाढवून दिलेत. मामाकडून दाखला आणलास ना, तो घेऊन उद्या शाळेत ये. मी सही करतो, आणि सतरा नंबरचा फॉर्म उद्याच रवाना करू."

सतरा नंबरचा फॉर्म. शाळा सुटलेल्यांनी बाहेरून दहावीला बसायचा अर्ज, औरंगाबादच्या बोर्डाकडं जायचा. तिच्या बापानं तिला सांगितलं होतं, यंदा वेळेत फॉर्म भरलास तर आजीजवळ राहून परीक्षा दे, आणि पुन्हा राहिला तर मग मी काही ऐकणार नाही, ती जागा पक्की. त्या फॉर्मसाठी नववीच्या शाळेचा दाखला आणायला ती सोनपेठला गेली होती. बंद झाला. तारीख गेली.

मी हसले. सुटल्यासारखं झालं, आणि मी मोठ्यानं हसले. माय माझ्याकडं बघायला लागली, मग सुमनकडं, मग पुन्हा माझ्याकडं. "मंग ती चिठ्ठी तुजी न्हाई?"

"माझी? माझी कशी असेल?"

"मंग लाडू कुनी खाल्ले?"

"सुमननं."

हे सगळं सुमन ऐकत होती. हुशार पोरगी, मी आधीच सांगितलं. तिनं चिठ्ठी जोडली, लाडू जोडले, घागरी जोडल्या, सिस्टरांनी ओढलेल्या पापण्या जोडल्या. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"शोभे," ती म्हणाली, "तू मला तसलं समजलीस?"

एवढंच बोलली. सरांच्या हातातला कागद घेतला आणि निघून गेली. माझं हसू तिथंच थिजलं.

सर गोंधळले. "ही रडतेय का? मी तर चांगली बातमी आणली." त्यांना कुणी काही सांगितलं नाही. ते गेले तोवर त्यांना वाटत होतं, की सुमन आनंदानं रडली.

घरी जाताना माय पुढं, मी मागं. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. "शोभे, ती चिठ्ठी तुजीच असती, तर मी काय केलं असतं, म्हाईत हाय का?"

"काय?"

"आदी येक कानाखाली ठिवून दिली असती." दोन पावलं चालली. "अन् मंग तुज्यामागं हुबी राहिले असते. चार दिस तेच ठरवायलेते मी. झोप न्हाई मला."

शिबिरात तीन दिवस शिकले, तक्ते घेऊन गावभर मिरवले, आणि माझ्या स्वतःच्या मायशी मी या विषयावर कधी एक वाक्य बोलले नव्हते. त्या दिवशी चुलीपुढं बसून पहिल्यांदा बोललो. तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा ती ज्वारीच्या शेतात लपून बसली होती, मरणार म्हणून. ते मला त्या दिवशी कळलं.

सुमन माझ्याशी पाच दिवस बोलली नाही. रविवारी वर्गालाही आली नाही. मग मीच तिच्या घरी गेले. ती अंगणात बसून उडदाच्या शेंगा बडवत होती. मी शेजारी बसले. ती बडवतच राहिली.

"चुकलं माझं, सुमे."

काठी थांबली नाही.

"मला वाटलं, तुला मदत करावी."

"मदत केलीस की. घागरी आनल्यास, लाडू आनलेस." मग काठी थांबली. "दर आयतवारी आमाला सांगतीस, मनात ठिवू नका, लाजू नका, सरळ इचारा. मंग मला सरळ कामून न्हाई इचारलंस? येकदा म्हनायचं, सुमे, कसली तारीख? मी सांगितलं असतं."

मी दुसरी काठी उचलली आणि शेंगा बडवायला लागले. अर्धा ढीग बडवून झाल्यावर ती म्हणाली, "अन् माज्या मामाच्या पोराला शिव्या दिल्यास का न्हाई मनात?"

"दिल्या."

"बरं केलंस. लय खोडील हाय." आणि मग आम्ही दोघी जे हसलो, ते तिची आजी काठी घेऊन बाहेर येईपर्यंत.

फॉर्म वेळेत गेला. दिवाळीनंतर तिचे मायबाप बैलगाडी भरून कारखान्यावर गेले. आण्णांनी जाताना तिला वही-पेन दिलं. सुमन आजीजवळ राहिली. संध्याकाळी आम्ही दोघी आमच्या ओसरीवर अभ्यासाला बसायचो. ती दहावीचा, मी बारावीचा. माय दोघींना चहा करून द्यायची, आणि अधूनमधून स्वतःच एखादा प्रश्न विचारायची, तक्त्यातलं चित्र समोर धरून. तशी संध्याकाळ पुन्हा आयुष्यात मिळाली नाही मला.

उन्हाळ्यात निकाल लागले. आधी बारावीचा. मी नापास. एकाच विषयात. मग दहावीचा. सुमन पास, आणि गणितात तर आमच्या हायस्कुलातल्या पोरांपेक्षा जास्त मार्क.

ती पेढे घेऊन आली. इकडंतिकडं पाहून म्हणाली, "कशात गेलीस गं?"

घरी मी 'इंग्रजीत' असं सांगितलं होतं. आमच्याकडं इंग्रजीत नापास होणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही, उलट जवळचा माणूस समजतात. पण सुमनला खोटं सांगवेना. मी गुणपत्रिकाच तिच्या हातात दिली.

जीवशास्त्र.

"तू?" ती म्हणाली. "सारं गाव शिकिवलंस तू."

त्याचंच तर झालं. पेपरात पहिलाच प्रश्न मानवी प्रजननसंस्थेचा. मला इतका आनंद झाला, म्हटलं, हे माझ्याइतकं जिल्ह्यात कुणाला येतं? बसले लिहायला. बालवाडीत सांगायची तसं सगळं सविस्तर, एकेक शंका घेऊन, धीर देऊन, लोकांचे गैरसमज खोडून काढत. चार पुरवण्या लावल्या. पाचवी मागायला हात वर केला, तेव्हा पर्यवेक्षकांनी सांगितलं, बाई, शेवटची दहा मिनिटं राहिली. बाकीचे सगळे प्रश्न तसेच कोरे. आणि त्या एका प्रश्नाचे मार्क मिळून होते किती? सात.

ऑक्टोबरला बसून सोडवला तो विषय. पण घरी मात्र इंग्रजीच सांगितलं ते सांगितलंच. माय गेली तोवर तिला तेच माहीत होतं. खरं काय ते सुमनला ठाऊक, आणि आता तुम्हाला.